एका चहात उघडणारी वेबसाइट

शिरवळहून फोन आला तेव्हा चिंतामणराव परचुऱ्यांची अर्धी दाढी झाली होती. उरलेली अर्धी त्या दिवशी दुपारी तीन वाजता झाली, यावरून फोन किती महत्त्वाचा होता ते ध्यानात यावं.

फोन तसा त्यांच्यासाठी नव्हताच. त्यांच्या सांगलीच्या घरी फोन यायचे ते एक तर पद्माताईंना, नाहीतर भार्गवीला. पद्माताई म्हणजे त्यांच्या पत्नी, सुगंधा भगिनी मंडळाच्या अध्यक्ष. भडंग, मेतकूट, गोडा मसाला आणि दिवाळीचं फराळ करून विकणाऱ्या सत्तावीस बायकांचं हे मंडळ. भार्गवी ही मुलगी. ती कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची, आणि वर्षापूर्वी तिनंच मंडळाला वेबसाइट करून दिली होती. साल एकोणीसशे नव्याण्णव. वेबसाइट नेमकी कुठे असते हे मंडळातल्या निम्म्या बायकांना ठाऊक नव्हतं, पण ती आपल्याला आहे याचा अभिमान सत्तावीसजणींना होता.

पलीकडून बोलत होते शिवतेज जगदाळे, शिरवळच्या एका कारखान्याचे खरेदी अधिकारी. मूळचे माणातल्या दहिवडीचे, त्यामुळे बोलणं सरळ.

"ताई, आमच्या चारशे कामगारांना दिवाळीचं फराळ द्यायचंय. तुमचं नाव ऐकलं म्हणून तुमची वेबसाइट उघडायला घेतली. जेवून आलो, तरी गणपतीचा नुसता मुकुटच आला होता. असं चालायचं न्हाई. या गुरुवारी न्हाई, पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला आमचे मोठे साहेब चहा घेत बसणार. तुमची वेबसाइट बघणार आणि पुण्याच्या एका पार्टीची बघणार. साहेब एक कप चहा होईस्तोवर थांबतात. कप खाली ठेवला की उठतात. मग मी काय करू शकत न्हाई."

पद्माताईंनी फोन ठेवला आणि बोटांवर हिशेब मांडला. चारशे घरांचं फराळ म्हणजे सत्तावीसजणींना दिवाळीपर्यंत रोज काम. मंडळाला एवढं मोठं काम कधी मिळालं नव्हतं, आणि ते आता एका कपात अडकलं होतं.

"साइटवर काय काय आहे ते एकदा नीट तपासायला हवं," भार्गवी म्हणाली. "काय ठेवायचं, काय काढायचं ते ठरवून..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. 'तपासायला' हा शब्द कानावर पडला आणि चिंतामणराव गालावरच्या फेसासकट दारात येऊन उभे राहिले.

चिंतामणरावांनी एकतीस वर्षं सहकारी संस्थांची तपासणी केली होती. सातारा म्हणू नका, सांगली म्हणू नका, आडबाजूच्या दूधसंस्थासुद्धा त्यांनी सोडल्या नव्हत्या. साताऱ्यातला एक सेक्रेटरी तर त्यांचा मेमो नुसता लांबून बघून आजारी रजेवर गेला होता. अशा माणसाला निवृत्त होऊन वर्ष झालं तरी कुणी काही तपासायला सांगितलं नव्हतं. मध्यंतरी त्यांनी आपणहून भाजीवालीचा तराजू तपासला, तर ती गल्लीत यायचीच बंद झाली. पद्माताईंनी चार दिवस त्यांना नुसतं पिठलं घातलं.

"मी करतो ऑडिट," ते म्हणाले. फेसाचा एक थेंब फरशीवर पडला. तो पुसायचंही कुणाला सुचलं नाही.

कामाची सुरुवात छपाईपासून झाली. भार्गवीनं सांगून पाहिलं की बाबा, हे पडद्यावरच बघायचं असतं. पण पडद्यावर हिरव्या शाईची बरोबरची खूण कशी करायची, आणि खूण केल्याशिवाय तपासणी झाली असं कुणी मानायचं का, हा त्यांचा प्रश्न होता. तेव्हा तिच्या क्लासातल्या प्रिंटरवर सगळी वेबसाइट छापून काढण्यात आली. एकशे बारा कागद निघाले. प्रिंटर दोनदा तापला आणि एकदा रुसला.

एवढे कागद निघायला तसंच कारण होतं. ही सगळी वेबसाइट एकाच पानावर होती. भार्गवीनं सुरुवातीला सहा पानं केली होती, पण मग दुसऱ्या पानावर कुणी जायचं असा प्रश्न उभा राहिला. उपाध्यक्ष विजयमालाबाई म्हणाल्या, मला कुठंही टाका, पण सेक्रेटरीच्या मागं न्हाई. सेक्रेटरी म्हणाल्या, मागं राहायची मला सवय नाही. लग्नपत्रिकेवर आत्याचं नाव काकूच्या खाली छापलं तर आपल्याकडे दोन पिढ्या बोलणं बंद राहतं, हे काही भार्गवीला माहीत नव्हतं असं नाही. तिनं मुकाट्यानं सगळ्यांना पहिल्याच पानावर घेतलं. दुसरं पान उरलंच नाही.

आता तपासायचं तर माप हवं. 'एक कप' हे माप चिंतामणरावांना फारच मोघम वाटलं. त्यांनी पद्माताईंना चहा करायला सांगितला, समोर घड्याळ ठेवलं आणि प्यायले. कपानं प्यायला सहा मिनिटं लागली, बशीत ओतून चार. दोन मिनिटांचा फरक त्यांच्या हिशेबानं गंभीर होता. त्यांनी थेट शिरवळला फोन लावला.

"जगदाळे, तुमचे साहेब चहा कपानं पितात की बशीनं?"

पलीकडे जगदाळ्यांनी कुणाला तरी विचारून घेतलं. "कपानं," जगदाळे म्हणाले. "पण त्यांना गार चालत न्हाई."

मग वेबसाइट लावली. ती उघडायला बरोबर चार कप लागले. चिंतामणरावांनी ते चारही प्यायले, कारण मोजमाप कोरडं करून चालत नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मेमो सुरू झाले. कार्बन लावून, दोन प्रतींत. आक्षेप क्रमांक एक: गणपती गोल फिरत आहे, फिरण्यास कार्यकारिणीची मंजुरी दिसून येत नाही. आक्षेप क्रमांक चार: भडंगाच्या चित्राशेजारी तीन मिरच्या उड्या मारतात, एक पुरेशी आहे. आक्षेप क्रमांक नऊ: सत्तावीस सभासदांचे सत्तावीस स्वतंत्र फोटो, प्रयोजन काय? आक्षेप क्रमांक दहा: श्रीमती चंद्राबाई या लाडू वळताना दिसतात, सदर लाडवाचे पुढे काय झाले याचा बोध होत नाही. खुलासा तीन दिवसांत सादर करावा.

हा मेमो त्यांनी अध्यक्षांना, म्हणजे पद्माताईंना, स्वयंपाकघरात नेऊन रीतसर दिला. पोच मागितली. पद्माताईंनी तो वाचला, ओट्यावर पसरला आणि त्यावर गरम चकल्या काढून ठेवल्या. संध्याकाळी चिंतामणरावांनी तो तेलकट कागद फाइलला लावला आणि कोपऱ्यात लिहिलं, 'उत्तर प्राप्त. असमाधानकारक.'

"बाबा, मला वाटतं फोटोंचा एवढा प्रश्न नाहीये," भार्गवी एकदा म्हणाली.

"तोंडी म्हणणं ग्राह्य धरता येत नाही," ते मान वर न करता म्हणाले. "लेखी दे."

शेजारचे दादासो तेवढ्यात आत आले. दादासो लष्करातून सुभेदार होऊन परतले होते, गावाकडे ऊस होता, आणि दिवसातून दोनदा सल्ला दिल्याशिवाय त्यांचं अन्न पचत नसे. विजयमालाबाई त्यांच्याच पत्नी.

"आवं चिंतामणराव, ह्यात काय अवघड हाय? आमच्या पलटणीत सामान लय झालं की निम्मं जाळून टाकायचो. घ्या निम्मं काढून."

"त्यात विजयमालाबाईंचा फोटोही जाईल."

दादासोंनी खिडकीतून आपल्या घराकडे एकदा बघून घेतलं. "मग दुसरं निम्मं काढा," म्हणाले.

काही काढायचं तर ठराव हवा, ठरावाला सभा हवी. रविवारी दुपारी परचुऱ्यांच्या पुढच्या खोलीत सभा भरली. सव्वीस बायका आल्या, सत्ताविसावीच्या घरी पाहुणे होते. चिंतामणरावांनी आक्षेप क्रमांक नऊ वाचून दाखवला आणि खोलीतली हवाच बदलली.

"माझा फोटो काढा की," विजयमालाबाई म्हणाल्या. "मला काय त्याची हौस न्हाई. फकस्त अध्यक्षांचा आधी काढा."

सेक्रेटरी म्हणाल्या, माझा काढायला हरकत नाही, पण तो काढण्याचं कारण इतिवृत्तात लिहा. एकीनं विचारलं, ज्यांचा फोटो आधीच खराब आलाय त्यांनी काय म्हणून काढायचा. दुसरीनं विचारलं, हे मला उद्देशून होतं का. अर्ध्या तासात सव्वीसजणींनी आपापला फोटो काढायला मान्यता दिली आणि एकाही फोटोला कुणी हात लावू दिला नाही.

चंद्राबाई मात्र शेवटपर्यंत बोलल्या नव्हत्या. मंडळातल्या त्या सगळ्यात वयस्क. भडंगाला फोडणी द्यावी तर त्यांनीच.

"सायेब," त्या हळूच म्हणाल्या, "माजा भाचा हाय, केरबा. ममईला एका हापिसात शिपाई हाय. त्यानं तितं कंपूटरात माजा फोटू बगितला. त्याच्या सायबाला दावला. म्हनला, ही माजी मावशी. आता तुमी काडलासा, आन् त्यो परत कुनाला दावाय गेला, तर काय सांगंल?"

चिंतामणरावांनी चष्मा काढून पुसला. असला आक्षेप एकतीस वर्षांत कुणी त्यांच्यापुढे मांडला नव्हता. तो कुठल्या रकान्यात बसवायचा तेही त्यांना कळेना.

मार्ग काढला दादासोंनी. ते बायकोला न्यायला म्हणून आले होते आणि सभेत दाराशी उभे होते. "सगळ्यांचा मिळून एकच फोटो काढा. आमी पलटणीचा काडत होतो तसा. सत्ताविसाच्या जागी एक. झालं का न्हाई हलकं?"

टाळ्या पडल्या. हरिबाच्या स्टुडिओत सोमवारची वेळ ठरली. खुर्च्या सात होत्या आणि बसायला लायक सतराजणी. कोण बसणार, कोण उभं राहणार हे ठरेपर्यंत हरिबाचे दिवे तापून खोली भट्टी झाली. शेवटी वयानुसार बसवलं, तर वय सांगायला कुणी तयार होईना. चंद्राबाईंनी आपणहून खाली सतरंजीवर बैठक मारली, म्हणून फोटो एकदाचा निघाला. हरिबानं उत्साहाच्या भरात तो एवढा मोठा करून दिला की एसटी स्टँडवर फलक म्हणून लावता आला असता, आणि तो लहान करावा लागतो हे भार्गवीच्या लक्षात यायच्या आत चिंतामणरावांनी 'मूळ दस्तऐवजात फेरफार नको' म्हणून तो होता तसाच चढवायला लावला.

मंगळवारी सकाळी मोजमाप झालं. वेबसाइट साडेपाच कपांवर गेली होती.

दुपारपर्यंत त्या दिवसाचा अकरावा कप चिंतामणरावांच्या पोटात गेला. छातीत जळजळ सुरू झाली. पद्माताईंनी आमसुलाचं सार पुढ्यात ठेवलं आणि भार्गवीला म्हणाल्या, "दे बाई त्यांना एकदाचं लेखी."

भार्गवीनं दिलं. एक कागद, त्यावर दोन ओळी. सत्तावीस बायकांचे मूळचे लहान फोटो, फिरता गणपती आणि तिन्ही मिरच्या मिळून: अर्धा कप. सही-शिक्क्याचे चौतीस कागद: साडेतीन कप.

चिंतामणरावांनी कागद दोनदा वाचला. हे चौतीस कागद काय होते ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. वर्षापूर्वी वेबसाइट होत होती तेव्हा तेच म्हणाले होते की दरपत्रकाखाली सही नाही, शिक्का नाही, असला कागद जगात कोण मानणार? म्हणून दरपत्रक, पदार्थांची माहिती, मंडळाचा इतिहास, सगळं आधी टाइप केलं गेलं, त्यावर पद्माताईंची सही झाली, गोल शिक्का त्यांनी स्वतः मारला, आणि मग प्रत्येक कागदाचं चित्र काढून ते वेबसाइटवर चढवलं गेलं. त्यात सहा पानं त्यांच्या स्वतःच्या मनोगताची होती. ती त्यांनी तपासली नव्हती. तपासणाऱ्यानं स्वतःचे कागद तपासू नयेत, हा नियमच आहे.

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते बाबा. तुम्ही लेखी मागितलंत, आणि मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

वाईट वाटलंच. ते उठून दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. दादासो कुंपणापलीकडून बघत होते, पण माणूस लष्करातला, कधी बोलू नये ते त्यांना कळायचं. त्यांनी नुसती तंबाखूची चंची पुढे केली. चिंतामणराव तंबाखू खात नसत. त्यांनी चंची हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि परत दिली.

बुधवारी भार्गवीनं मोठा फोटो काढून टाकला, लहान फोटो परत ठेवले आणि चौतीस कागदांचा मजकूर साधा टाइप करून टाकला. दुपारी वेबसाइट पाऊण कपात उघडली. पद्माताईंनी देवापुढे साखर ठेवली.

इथंच सगळं संपायला हवं होतं. पण तपासणी झाली म्हणजे अहवाल आला. चिंतामणराव दुपारी बसले ते दिवेलागणीपर्यंत लिहीत राहिले. एकेचाळीस पानं झाली. दोष, दोषांची कारणं, दुरुस्तीच्या सूचना, आणि 'सही-शिक्क्याच्या कागदांबाबत' या शीर्षकाखाली स्वतःच्या चुकीची कबुली, ती पावणेदोन पानं. प्रत्येक पानावर सही. प्रत्येक पानावर शिक्का. हे त्यांचं आयुष्यातलं शेवटचं ऑडिट होतं, आणि अहवाल सभासदांना दिसेल अशा ठिकाणी लावावा असा दंडक आहे, तेव्हा तो वेबसाइटवर सगळ्यात वर, गणपतीच्या खालोखाल यावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

भार्गवीनं आईकडे बघितलं. पद्माताईंनी नवऱ्याकडे बघितलं. वर्षभरात त्यांचा चेहरा असा उजळलेला दोघींनीही पाहिला नव्हता. भार्गवीनं अहवाल चढवला.

गुरुवारी सकाळी साडेदहाला घरात मंडळातल्या दहा-बारा बायका जमल्या. विजयमालाबाईंबरोबर दादासोही आले. भार्गवीनं वेबसाइट लावून बघितली. एक कप संपला. दुसरा संपला. गणपती आला, त्याच्याखाली 'लेखापरीक्षण अहवाल, पृष्ठ एक' हळूहळू वरून खाली उतरू लागलं. फराळाचा पत्ता नव्हता. सगळ्या चिंतामणरावांकडे न बघायची काळजी घेत होत्या.

चंद्राबाई पुढे आल्या. हातात डबा होता. त्यांनी तो खाली ठेवला.

"सायेब, माज्या फोटूमुळंच अडतंय व्हय? काडा तुमी त्यो. केरबाला मी सांगीन काय तरी. बायास्नी काम मिळू द्या."

चिंतामणरावांनी घड्याळ बघितलं. पावणेअकरा. मग त्यांनी खिशातून हिरव्या शाईचं पेन काढलं आणि समोरच्या मेमोच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'अहवाल काढून टाकावा. चंद्राबाईंचा फोटो आहे तिथेच राहावा.' सही केली आणि कागद भार्गवीला दिला. शिक्का मारायला वेळ नव्हता.

"लेखी आहे," ते म्हणाले. "काढ."

भार्गवीनं काढायला घेतलं, तोच नेट तुटलं. नेट फोनच्याच तारेवरून यायचं, आणि आतल्या खोलीत विजयमालाबाईंनी दुसरा फोन उचलला होता. उघडली का, एवढंच त्या शिरवळला विचारणार होत्या. दादासोंनी जाऊन बायकोच्या हातातला फोन काढून घेतला आणि फोनपाशी पहाऱ्याला उभे राहिले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत आपण एवढा कडक पहारा दिला नव्हता, असं ते पुढे सांगत. भार्गवीनं पुन्हा नेट जोडलं. अकराला दोन मिनिटं कमी असताना अहवाल गेला.

मग वाट बघणं आलं. चिंतामणरावांना सवयीनं कुणी तरी चहा दिला. तो त्यांनी तसाच खाली ठेवला.

अकरा वीसला फोन वाजला. चिंतामणरावांनीच उचलला.

"परचुरे साहेब, झालं काम," जगदाळे म्हणाले. "आमच्या साहेबांच्या कपात दोन घोट शिल्लक होते, तवर उघडली. पुण्याची पार्टी कप संपला तरी निम्मीच. ते लाडू वळणाऱ्या बाई हायत न्हवं, साहेब म्हणाले, फराळ ह्यांच्याच हातचं घ्या. चारशे बॉक्स पक्के."

चिंतामणरावांनी खोलीकडे वळून नुसती मान हलवली. पद्माताईंनी पदर डोळ्याला लावला. चंद्राबाईंना सेक्रेटरींनी मिठी मारली, आणि विजयमालाबाईंनीही मारली, अगदी सेक्रेटरींच्या मागं उभं राहून.

"फकस्त एक अडचण हाय," फोनमधून आवाज आला. "वेबसाइटवरच्या दरपत्रकावर सही न्हाई, शिक्का न्हाई. आमचं ऑडिट असला कागद मानत न्हाई. तेवढा सही-शिक्क्याचा एक पाठवून द्या."

चिंतामणराव ताठ झाले. त्यांनी फोन कानापासून लांब धरला, खोलीच्या मध्यभागी.

"जरा मोठ्यानं सांगता का, जगदाळे? इथं नीट ऐकू येत नाही."

जगदाळ्यांनी मोठ्यानं सांगितलं. नीट ऐकू येत नाही म्हणून त्यांना तिसऱ्यांदाही सांगावं लागलं. खोलीत सगळ्यांना ऐकू आलं, आणि कुंपणापलीकडे परतलेल्या दादासोंनाही.

फोन ठेवून चिंतामणरावांनी कपाटातून शिक्क्याची डबी काढली. तिची शाई कालच्या एकेचाळीस पानांत आटली होती. त्यांनी थेंबभर पाणी टाकलं, शिक्क्यावर एक 'हा' सोडला आणि दरपत्रक समोर ओढलं. पद्माताई शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी सही केली.

"किती प्रती काढू, बाबा?" भार्गवीनं विचारलं.

"तीन. एक शिरवळला, मी स्वतः एसटीनं नेऊन देतो. एक फाइलला. आणि एक..." त्यांची नजर कॉम्प्युटरकडे गेली. कॉम्प्युटरवरून भार्गवीकडे गेली.

"दोनच काढ," चिंतामणराव म्हणाले, आणि मघाचा गार झालेला चहा बशीत ओतून प्यायले.